शाळेच्या स्वयंपाकघरातली लावोन

मंगळवारी आणि गुरुवारी लावोन कुचेरा दोनदा आंघोळ करायची. पहिली कारखान्यातून सुटल्यावर तिथल्याच न्हाणीघरात, भांडी घासायच्या साबणाने. दुसरी घरी, लिंबू आणि व्हिनेगर चोळून. नखांच्या कडा जुन्या टूथब्रशने घासायची आणि मग गाडीत बसून चारही काचा खाली घ्यायची. नेब्रास्कातला नोव्हेंबरचा वारा म्हणजे कान कापून नेईल असा, पण काचा खालीच. डुकराच्या कारखान्याचा वास काही कांद्याचा वास नव्हे, की हात धुतले अन् गेला. तो केसांच्या मुळाशी जाऊन बसतो. गावातली माणसं तशी भली, तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, नुसती आपली खुर्ची जरा पलीकडे सरकवायची. बोलले असते तर परवडलं असतं, निदान उलटून दोन शब्द ऐकवता आले असते. सरकलेल्या खुर्चीशी माणूस काय भांडणार?

लावोन एक्कावन्न वर्षांची होती. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी टॅमरा लग्न करून डेन्व्हरला. आणि गेली एकोणीस वर्षं लावोन आतड्यांच्या टेबलावर उभी होती. हे टेबल म्हणजे काय, ते एकदाच सांगून टाकलेलं बरं. मागच्या पायांनी टांगलेलं डुक्कर साखळीवरून उजवीकडून येतं. आधी एक छोटी चीर द्यायची, तिच्यातून एक हात आत घालून आतडी मागे दाबून धरायची, म्हणजे सुरीचं टोक त्यांना लागत नाही, आणि पोट वरपासून खालपर्यंत उघडून आतलं सगळंच्या सगळं समोरच्या सरकत्या ताटात उतरवायचं. सुरी उजव्या हाताच्या गरम पाण्याच्या डब्यात बुचकळायची. तोवर पुढचं आलेलं असतं. आतडं फुटलं तर घाण मांसावर सांडते, धडाला लाल चिठ्ठी लागते, साखळी थांबते, आणि मुकादम कमरेवर हात ठेवून बघत उभा राहतो. लावोनच्या हातून वर्षाकाठी एखादं फुटलं तर फुटलं.

एवढा हात असलेल्या बाईने खरं तर ताठ मानेने चालायला हवं. पण टॅमरा पाचवीत असताना लावोन एकदा कामावरून तडक तिला न्यायला शाळेत गेली, तर पोरीने तिला दारातच गाठलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “ममा, तू गाडीतच थांबत जा ना.” लावोन त्या दिवसापासून गाडीतच थांबली. पोरीच्या पदवीदानालासुद्धा शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसली होती. पोरीला दोष द्यायचा नाही, पोरांचं वयच तसं असतं. पण ते वाक्य लावोनच्या अंगात जे मुरलं ते मुरलंच.

हल्ली मनगटं सुन्न पडायची. कॉफीचा कप हातात आहे की नाही, हे डोळ्यांनी बघावं लागायचं. कारखान्यातली नर्स आठवड्याला पट्टा बांधून द्यायची, आणि तिच्या त्या स्वच्छ, कोरड्या हातांकडे बघता बघता लावोनच्या मनात आलं, की हे काम कसं, कुणी विचारलं तर चारचौघांत सांगता येतं. बस्स, एवढंच. लोकांना वाटतं माणसं पगारासाठी शिकतात, सेवेसाठी शिकतात. लावोनला सांगता येईल असं काम हवं होतं. नर्सिंगला जायचं तर आधी प्राथमिक जीवशास्त्र पास व्हावं लागतं, म्हणून ऑगस्टात तिने गावाबाहेरच्या कम्युनिटी कॉलेजात मंगळवार-गुरुवारच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं.

पहिल्या दिवशी बर्गस्ट्रॉम नावाच्या मास्तरांनी सगळ्यांना गोलात बसवलं. नाव सांगा, काम सांगा, घरच्यांबद्दल किंवा स्वतःबद्दल एखादी गोष्ट सांगा. या देशात कुठलाही वर्ग याशिवाय सुरू होत नाही. मेल्यावर वर गेलो तरी बहुधा गोलात बसवून आधी हेच विचारतील. लावोनच्या अलीकडे एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, काळेभोर केस, नखांवर चमचमतं निळं रंगकाम. ती बिनधास्त उभी राहिली.

“मी इत्सेल बारागान. माझी अमा डुकराच्या कारखान्यात आहे, आतड्यांच्या टेबलावर. मिनिटाला सात डुकरं. ती म्हणते, तिच्यासारखा हात अख्ख्या कारखान्यात नाही, शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईचा सोडून.”

अमा म्हणजे आई, त्यांच्या स्पॅनिशमध्ये. लोक हसले, पण चांगलं हसले. लावोनच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. कारण ती शेजारी उभी राहणारी बाई तीच होती. ओफेलिया बारागान सहा वर्षं तिच्या डाव्या हाताला उभी होती. कारखान्यात हेल्मेट, चष्मा, तोंडाला फडकं, कानात बोळे. तिथे लावोनला सगळे व्हॉनी म्हणायचे. ओफेलियाच्या मुलीने व्हॉनी हे नाव शंभरदा ऐकलं असेल, चेहरा पाहिला नव्हता. आता नुसतं म्हणायचं होतं, ‘अगं, ती शेजारीण मीच.’ अख्खा वर्ग पुन्हा हसला असता, आणि गोष्ट तिथेच संपली असती.

लावोन उभी राहिली आणि म्हणाली, “मी लावोन. शाळेच्या स्वयंपाकघरात असते.”

हे कुठून आलं ते तिचं तिलाही कळलं नाही. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. आणि वर्गात काय आनंद झाला म्हणता! कोपऱ्यातला एक दाढीवाला म्हणाला, “चिली आणि दालचिनी रोल!” इथल्या प्रत्येक पोराने शाळेत राजमा-खिम्याची ती दाट चिली आणि तिच्याबरोबर गोड दालचिनी रोल खाल्लेला असतो, आणि म्हातारं होईपर्यंत त्याची आठवण काढलेली असते. एकाने विचारलं, रोलच्या कडा इतक्या मऊ कशा राहतात? लावोन म्हणाली, कणीक आदल्या दिवशी भिजवायची, आणि रोल एकमेकांना चिकटून लावायचे. तेवढं मात्र खरं होतं, तिच्या आईची रीत होती ती. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काम ऐकून माणसं पुढे झुकली होती. तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. फार बरं वाटलं.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

एक खोटं सांभाळायला दुसरं लागतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ओफेलिया लावोनची प्रश्नांची कार्डं हातात धरून बसायची आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत एकेक शब्द विचारायची. पेशीभित्तिका. गुणसूत्र. विसरण. वाचता येत नसलेले शब्द ती चित्रासारखे उचलून दाखवायची. माझी मुलगीपण तिथेच आहे, म्हणाली. लावोनने सांगितलं की आपला वर्ग शनिवारचा. तिकडे वर्गात इत्सेलला एकदा रोल हवे होते, तर लावोनने पहाटे उठून दोन डझन भाजले आणि ‘आमच्या स्वयंपाकघरातले’ म्हणून नेले. इत्सेलने चार खाल्ले, दोन अमासाठी बांधून घेतले. दुसऱ्या दिवशी ओफेलियाने त्यातला एक अर्धा करून लावोनपुढे धरला. “खाऊन बघ, व्हॉनी. मुलीच्या वर्गात एक बाई आहे, शाळेत बनवते. देवमाणूस.” लावोनने आपल्याच हातचा रोल खाल्ला आणि चांगला आहे म्हणाली. लाजेलाही काही सुमार असतो, पण त्या दिवशी तो सापडला नाही.

अभ्यास जमत होता. पेशी, प्रथिनं, मेंडेलचे वाटाणे, सगळं तिने साखळीवर उभं राहून मनातल्या मनात घोकलं. अवयव तर तिला पाठच होते, फक्त नावं कारखान्याची. पाणथरीला, म्हणजे प्लीहेला, तिकडे ‘मेल्ट’ म्हणतात. एका चाचणीत तिने चित्राखाली तेच लिहून ठेवलं आणि बर्गस्ट्रॉमनी समोर मोठं प्रश्नचिन्ह काढलं. ते विचारतील म्हणून दोन दिवस तिला झोप नव्हती. चोराच्या मनात चांदणं. त्या बिचाऱ्यांनी काही विचारलं नाही. तीन गावांतल्या तीन कॉलेजांत शिकवणाऱ्या माणसाला विचारायला वेळ कुठला.

इत्सेल तिच्याच बाकावर बसायची, प्रयोगात जोडीदार. पोर हुशार. शेवटी ‘ए’ मिळाला तर पुढच्या वर्षी मोठ्या विद्यापीठाची फी माफ होणार होती. बारागानांच्या घरात आजवर बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. हे ती लावोनला सांगायची, आणि लावोनला ते ओफेलियाकडून आधीच माहीत असायचं. तरी ‘हो का?’ म्हणायचं.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी डुकराच्या पिल्लांचं विच्छेदन होतं. न जन्मलेली पिल्लं, वीत-दीड वीत, पत्र्याच्या ताटात उताणी, पाय दोरीने बांधलेले. बर्गस्ट्रॉम म्हणाले, यांच्यासाठी कुणी जीव घेतलेला नाही, कारखान्यांत गाभण माद्या येतात त्यांच्या पोटातली ही. लावोन ताटाकडे बघत राहिली. तिच्या टेबलावर बुधवारी म्हाताऱ्या माद्या यायच्या, आणि अशी पिल्लं काढून निळ्या पिंपात टाकायची असायची. हे तिच्याच हातचंसुद्धा असू शकत होतं.

पिल्लू तीन आठवडे पुरवायचं होतं. आज फक्त पोटावर बेंबीच्या बाजूने दोन चिरा, कातडी टाचण्यांनी बाजूला, आत काहीही हलवायचं नाही. पुढच्या आठवड्यांत एकेक अवयव जागच्या जागी ओळखायचा, आणि त्यावर शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. कागदावर कामं वाटलेली होती. चिरणार इत्सेल, वाचणार लावोन. मास्तर टाचण्यांचा डबा आणायला मागच्या खोलीत गेले, उजवीकडच्या बाकावरची दोघं मुलं त्यांच्याबरोबर गेली.

इत्सेलने सुरी हातात घेतली आणि तिथेच अडली. पहिल्या दिवशी तोऱ्यात बोलली होती खरी, पण पोरीने घरी कोंबडीसुद्धा कापली नव्हती. सुरी पेनासारखी धरलेली. दोनदा टोक लावलं, दोनदा उचललं. लावोनला ते बघवेना. ती म्हणाली, आण इकडे, मी सुरुवात करून देते.

पुढचं तिने केलं असं म्हणता येत नाही. हाताने केलं. एक चीर पडली, डाव्या हाताची बोटं आत गेली, त्यांनी आतडी मागे धरली, सुरी वरपासून खाली आली, आणि पिल्लाच्या आतलं सगळं, काळीज, फुप्फुसं, जठर, सगळं एका गोळ्यात ताटाच्या कडेला येऊन पडलं. एकही आतडं फुटलं नाही. आणि हात तिथे थांबतो होय? उजवीकडून पुढचं यायला हवं. हात उजवीकडे गेला, शेजारच्या बाकावरचं ताट ओढलं गेलं, तेही झालं. मग सुरी बुचकळायला हात गरम पाण्याचा डबा शोधत गेला. डबा नव्हता. काचेचं पात्र होतं. ते खाली पडून फुटलं, तेव्हा लावोन जागी झाली.

सुरी फरशीवर होती. इत्सेलने वाकून ती उचलली, काचांमधून सांभाळून. सगळे वळले ते त्या आवाजाला, आणि मास्तर दारातून आत आले ते नेमके तेव्हा. दोन पिल्लं रिकामी, आणि सुरी इत्सेलच्या हातात.

बर्गस्ट्रॉमनी दोन्ही ताटं पाहिली, कागदावर ‘चिरणार’ पुढचं नाव पाहिलं, आणि म्हणाले, “इत्सेल, हा तुझ्या आईचा कारखाना नव्हे.”

वर्ग हसला. या वेळी ते हसणं चांगलं नव्हतं. पिल्लांचा जादा माल नव्हता, शेजारच्या दोघांचं काम बुडालं होतं, आणि सांगितलेलं न ऐकता सुरी चालवणं म्हणजे सुरक्षेचा नियम मोडणं. या प्रयोगाला तुला शून्य, म्हणाले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता.

इत्सेलने लावोनकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या बघण्यात. ती नुसती वाट बघत होती. मोठं माणूस आता बोलेल, अशी पोर वाट बघते ना, तशी. आणि लावोन काय करत होती? हातातला कागद वाचत होती. एकच ओळ परत परत. बेंबीच्या बाजूने दोन चिरा. बेंबीच्या बाजूने दोन चिरा. तिची जीभ टाळ्याला चिकटली होती, हे खरं. पण जीभ सोडवायला कुणी बाहेरचं यायचं नसतं, हेही खरं.

वर्ग सुटल्यावर गाड्यांच्या आवारात इत्सेलने तिला गाठलं.

“तुम्ही व्हॉनी आहात ना?”

“कोण व्हॉनी?” लावोन म्हणाली. “लहानपणी आमच्या शेतावर डुकरं होती, त्यामुळे हाताला सवय आहे.”

“ते भांडं पाडलंत तेव्हा तुम्ही गरम पाणी शोधत होतात,” इत्सेल म्हणाली. “अमा घरी कांदा चिरते ना, तरी सुरी उजवीकडे बुचकळायला जाते. आम्ही हसतो तिला.”

लावोनने किल्ली फिरवली. उद्या कामावर लवकर जायचंय, म्हणाली, स्वयंपाकघरात. हे शेवटचं ‘स्वयंपाकघरात’ कशाला म्हणाली देव जाणे. इत्सेल म्हणाली, “बरं,” आणि बाजूला झाली. काचा वर होत्या त्या दिवशी. वासाची आठवणच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ओफेलिया समोर येऊन बसली. कार्डं मागितली नाहीत. डबा उघडला, बंद केला.

“माझ्या मुलीला शून्य मिळालं,” ती म्हणाली. “दोन डुकरं रिकामी केली म्हणे. म्हणते, हात घसरला.” तिने आपला तळवा उघडून पुढे धरला. “व्हॉनी, हात घसरला तर आतडं फुटतं. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. दोन्ही न फुटता निघाली. तो घसरलेला हात नव्हे.”

एवढंच. विचारलं नाही. विचारलं असतं तर लावोनने कदाचित सांगितलं असतं, कदाचित तेव्हाही खोटंच बोलली असती. तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. ओफेलिया उठली आणि हेल्मेट घालून आपल्या जागेवर गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती लावोनसाठी थांबली नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला लावोनच्या हातून आतडं फुटलं. हिरवट घाण धडावरून ओघळली, लाल चिठ्ठी लागली, साखळी थांबली, शंभर माणसं हातातल्या सुऱ्या खाली करून बघायला लागली. मुकादम आला. तो बोलायच्या आत ओफेलिया आपल्या चौथऱ्यावरून उतरली, पाण्याची नळी ओढून घेतली, आणि लावोनचा एप्रन धुवायला लागली. वरपासून खाली, नीट, जसं आपल्या माणसाचं धुवावं तसं. लावोनला वाटलं, त्यापेक्षा हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती, म्हणून ती त्याच बुधवारी संध्याकाळी शेजारच्या गावातल्या कॉलेजात गेली, बर्गस्ट्रॉमना शोधत. ते बोळातल्या कोकच्या यंत्राशेजारी उभ्यानेच सँडविच खात होते. लावोनने सगळं सांगितलं. सुरी कुणी चालवली ते, कुठे काम करते ते, ‘मेल्ट’ म्हणजे काय तेसुद्धा. मास्तरांचा घास तोंडातच राहिला.

“आणि मी त्या मुलीला तिच्या आईवरून बोललो,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर.” मग त्यांनी सँडविचच्या कागदाची घडी घातली. “तिचं शून्य काढतो, तुम्हाला देतो. तुमचा ‘बी’ जाईल, ‘सी’ राहील. पास व्हाल. मार्कांचं मी बघतो. बाकीचं तुम्हाला वर्गात सांगावं लागेल, लावोन, ते मी कसं सांगू?”

सांगते, म्हणाली. मनापासून म्हणाली. पुढच्या मंगळवारी ठरवूनच गेली होती. पण मास्तरांनी येताच हजेरी घेतली, मग रिकाम्या पिल्लांचे अवयव एका मोठ्या ताटात मांडून सगळ्यांना भोवती बोलावलं, मग हा प्रश्न, तो प्रश्न, आणि वेळ संपली. गुरुवारी उजळणी होती. दाढीवाला येताजाता इत्सेलला ‘कसाईण’ म्हणायचा, लाडाने म्हणतोय असं त्याला वाटत असावं. इत्सेल हसायची. हसणं हळूहळू बारीक होत गेलं ते लावोनला दिसत होतं. ती म्हणायची, पुढच्या तासाला. असं करत परीक्षा आली, इत्सेलला ‘ए’ मिळाला, लावोनला ‘सी’, वर्ग संपला. मार्क सुधारले, मग आता राहिलं काय, असं लावोनने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो.

नाताळच्या आठवड्यात ओफेलियाने दरवर्षीसारखे तामाले आणले, मक्याच्या पानात वाफवलेले, डुकराच्या मांसाचं सारण भरलेले. सगळ्यांना सहा सहा, लावोनला बारा. वरच्या चंदेरी कागदावर पेनाने ‘व्हॉनी’ लिहिलेलं. लावोनने ते घरी उभ्यानेच खायला घेतले आणि दुसऱ्याच घासाला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिला वाटलं, झालं, माफ केलं असणार. नाहीतर बारा कशाला देईल?

जानेवारीत शरीरशास्त्राचा वर्ग सुरू झाला. नर्सिंगसाठी तोही लागतो. खोली तीच, मास्तरीण नवी, कोपऱ्यात दाढीवाला होताच, बाकी बहुतेक चेहरे अनोळखी. लावोन दोन आंघोळी करून, काचा खाली घेऊन आली होती. बसली तर उजवीकडच्या खुर्चीवर इत्सेल. दोघींनी मान हलवली. नव्या मास्तरणीने सगळ्यांना गोलात बसवलं.

इत्सेलची पाळी आधी आली. ती उभी राहिली. नखं या वेळी रंगवलेली नव्हती.

“मी इत्सेल,” ती म्हणाली. आडनाव नाही सांगितलं. “माझी आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते.”

अमा नाही म्हणाली. आई म्हणाली, या गावातली गोरी पोरं म्हणतात तसं. दाढीवाल्याने चमकून वर पाहिलं. पण एक नवीन मुलगी केव्हाच पुढे झुकली होती. “चिली आणि दालचिनी रोल?”

“हो,” इत्सेल म्हणाली. “कणीक आदल्या दिवशी भिजवायची. आणि रोल एकमेकांना चिकटून लावायचे, म्हणजे कडा मऊ राहतात.”

सगळं बरोबर होतं. शब्दन् शब्द. पोरीने चांगलं पाठ केलं होतं, आणि शिकवणारी तिच्या डाव्या हाताला बसली होती. ऑगस्टात हीच पोर याच खोलीत आपल्या आईचं काम असं सांगत होती, जसं कुणी दागिना दाखवावा. तिला ते खाली ठेवायला कुणी शिकवलं? त्या दाढीवाल्याने नाही, मास्तरांनीही नाही. लावोनला आपल्या अंगाचा वास आला, लिंबाचा, व्हिनेगरचा, आणि त्याच्या खालचा.

पाळी तिची होती. ती उभी राहिली.

“मी लावोन कुचेरा,” ती म्हणाली. “कामावर व्हॉनी म्हणतात. मी डुकराच्या कारखान्यात असते, आतड्यांच्या टेबलावर, एकोणीस वर्षं. मागच्या वर्गात खोटं सांगितलं होतं. दोन पिल्लं रिकामी केली होती, तीही मीच.” ओफेलियाचं नाव ओठांपर्यंत आलं, आणि तिच्या लक्षात आलं की आता ते घेतलं तर शेजारची पोर सगळ्यांसमोर उघडी पडेल. खरं बोलायचं असतं तेव्हा बोललं नाही की ते असं अर्धवटच बोलावं लागतं. “माझ्या शेजारी एक बाई उभी असते,” ती म्हणाली. “तिचा हात माझ्याहून चांगला आहे.”

मास्तरीण थँक्यू म्हणाली आणि यादीत पुढचं नाव बघायला लागली. लावोन खाली बसली. मांडीवरचे हात तिने तसेच राहू दिले, उघडे.

उजवीकडची खुर्ची जरा पलीकडे सरकली.